रझाकारीत लढलेल्या शेतकरी आजोबांचा माग कसा काढायचा

सोलापूर, बार्शी, अक्कलकोट या पट्ट्यात घरोघर एक वाक्य ऐकायला मिळतं: 'आमचे आजोबा रझाकारीत कॅम्पात होते.' रझाकारी म्हणजे हैदराबाद संस्थानात निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, रझाकारांनी, धुमाकूळ घातला तो काळ. पुढं काही विचारलं की सगळे एकमेकांकडं बघतात. कुठला कॅम्प, सोबत कोण, हातात बंदूक होती की नुसती काठी, मागं शेत कुणी बघितलं, कुणालाच सांगता येत नाही. आजोबा जाऊन कित्येक वर्षं झालेली असतात आणि नातवंडं पुण्याला असतात.

मी तहसील कचेरीत कारकून होते. नोकरीतली बरीच वर्षं अभिलेख कक्षात गेली. नक्कल मागायला आलेली माणसं वाटणीच्या भांडणासाठी आलेली असायची, पण जुन्या पत्रकात आजोबांचं नाव दिसलं की भांडण विसरून त्या नावावर बोट ठेवून उभी राहायची. निवृत्तीनंतर मी माझ्या आबांचा, म्हणजे आईच्या वडिलांचा, इतिहास कागदावर आणला. ते बार्शी तालुक्याच्या कडेच्या गावचे, कोरडवाहू रानाचे शेतकरी. 1947-48 साली ते निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात होते.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. शेतकरी लढायला गेला तर त्याच्या लढाईचा कागद क्वचित सापडतो, शेताचा कागद मात्र बहुतेक सापडतो. भूमिगत माणूस आपलं नाव कुठं लिहून ठेवत नाही. सरकार मात्र शेतसारा सोडत नाही, त्यामुळं रानात कुणी काय पेरलं हे दरसाल लिहिलं जातं. म्हणून लढाईचा शोध शेताच्या कागदापासून सुरू करा.

आधी लढाई कोणती ते ठरवा

'निजामाविरुद्ध लढले' एवढ्यात दोन वेगळ्या लढाया मिसळलेल्या असतात. पहिली 1938-39 ची. तेव्हा स्टेट काँग्रेस, आर्य समाज आणि हिंदू महासभा यांनी हैदराबाद संस्थानात सत्याग्रह केला. डिसेंबर 1938 मध्ये आर्य समाजाची मोठी परिषद सोलापुरातच भरली होती आणि इथून सत्याग्रहींच्या तुकड्या जात होत्या. त्यात हत्यार नव्हतं, तुरुंग होता. आजोबा गुलबर्ग्याच्या तुरुंगात होते असं घरात सांगत असतील, तर आधी हे साल तपासा.

दुसरी 1947-48 ची. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसनं 7 ऑगस्ट 1947 ला भारतीय संघराज्यात सामील होण्याची मागणी घेऊन लढा सुरू केला. सुरुवात सत्याग्रहानं झाली. पुढं लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांचा जोर वाढला, तशी सरहद्दीच्या अलीकडं, खालशात, म्हणजे आधी इंग्रजांच्या थेट अंमलात असलेल्या मुलखात, सशस्त्र कॅम्प उभे राहिले. सोलापूर आणि बार्शी ही त्यातली मोठी केंद्रं. कॅम्पातली माणसं रात्री मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, शिरायची, करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके फोडायची, शिंदीची झाडं पाडायची, लेव्हीचं, म्हणजे सरकारनं सक्तीनं वसूल केलेलं, धान्य अडवायची, पोलीस ठाण्यांवर हल्ले करायची. 13 सप्टेंबर 1948 ला मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या हाताखालच्या फौजेची मुख्य तुकडी सोलापूरकडून निघाली आणि त्याच दिवशी नळदुर्ग पडलं. 17 तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. आपल्याकडं याला अजून 'पोलीस ॲक्शन' म्हणतात.

त्यानंतर गाव कुठल्या बाजूला होतं ते बघा. आजच्या जिल्ह्यावरून अंदाज बांधू नका. धाराशिव, लातूर, बीदर, कलबुर्गी ही मोगलाई. बार्शी, माढा, करमाळा हा खालसा. अक्कलकोट हे वेगळं संस्थान. बार्शी तालुक्याच्या भोवती मोगलाईच पसरलेली होती आणि गावं एकमेकांत घुसलेली होती. सकाळी खालशातल्या घरातून निघून मोगलाईतल्या स्वतःच्या रानात जाणारी माणसं होती. 1951 च्या जनगणनेची जिल्हा पुस्तकं आहेत, त्यात त्या वेळचा तालुका आणि जिल्हा मिळतो. गाव लातूर जिल्ह्यातलं असेल तर ध्यानात ठेवा की तो जिल्हा 1982 साली उस्मानाबादेतून वेगळा झाला. जुना कागद धाराशिवलाही असू शकतो.

म्हाताऱ्या माणसांना तारीख विचारू नका

तारीख विचारली की माणूस बिचकतो आणि काहीतरी सांगून मोकळा होतो. त्याला रान विचारा. कुळव कुणी धरला? खळं कुणी केलं? बैल कुठं बांधले होते? त्या साली ज्वारी काढायला माणसं होती का? लढाईच्या आठवणी ऐकून-ऐकून ठरीव झालेल्या असतात. खळ्याबद्दल त्यांना कुणी कधी विचारलेलं नसतं, त्यामुळं तिथं खरं बोलणं निघतं.

माझी थोरली मावशी नव्वदीच्या पुढं होती. आबांच्या पराक्रमाबद्दल विचारलं की ती गावातल्या प्रत्येक घरी ऐकू येतं तेच सांगायची. मी विचारलं, 'त्या साली हुरडा कुणी भाजला?' ती थांबली. म्हणाली, 'हुरडा कुठला गं. धाकट्याच्या बारशाला आबा नव्हता. ज्वारी रानात उभी होती आणि आई बाळंतिणीच्या खोलीतून म्हणत होती, पाखरं खातील, कुणीतरी गोफण घ्या. शेवटी मुलाणी आला.'

एवढ्या बोलण्यात मला तीन गोष्टी मिळाल्या: धाकट्या मामाचा जन्म, उभी ज्वारी आणि मुलाणी, म्हणजे गावातलं मुसलमान घर. तिन्ही कागदावर शोधता येतात.

काळाच्या खुणा म्हणून आपल्या भागात सगळ्यांना आठवतील अशा गोष्टी वापरा. 30 जानेवारी 1948 ची गांधीहत्या आणि नंतरची जाळपोळ ही पक्की खूण आहे. 'गांधींच्या आधी की नंतर' असं विचारलं की उत्तर येतं. दुसरी खूण गणपतीची. त्या वर्षी पोलीस ॲक्शन गणपती बसलेले असताना झाली, त्यामुळं 'गणपतीत फौज गेली' असं कुणी म्हणालं तर आठवण जुळते. फौज दिवाळीत आली असं कुणी सांगितलं, तर ती वेगळीच आठवण असणार. तीही लिहून ठेवा, पण बाजूला.

बायकांना आधी विचारा, हे माझं ठाम मत आहे. पुरुष कॅम्पात किंवा लपून होते, गावात बायका होत्या. भाकऱ्या कुठल्या घरातून जायच्या, मोगलाईतून पळून आलेली पाहुणेमंडळी कुणाच्या वाड्यात उतरली, दागिने कुठं पुरले, हे त्यांना ठाऊक. सासर-माहेर सरहद्दीच्या दोन बाजूंना असलेल्या बाईकडून तर दोन्हीकडच्या बातम्या मिळतात.

माजघरातली पितळेची भांडीही उतरवून बघा. आपल्याकडं भांड्यावर नाव घालतात, कधी साल आणि गावही असतं. त्या एक-दोन वर्षांत भलत्याच गावी नाव घातलेली घागर घरात असेल, तर घर तेव्हा तिकडं हललं होतं का, हा प्रश्न विचारायला जागा मिळते. चारमिनाराचा छाप असलेला रुपया सापडला तर तो हाली, म्हणजे निजामाचा. इंग्रजी रुपयाला कलदार म्हणत, आणि सात हालीला साधारण सहा कलदार पडत. जुन्या वहीत रकमेपुढं 'हाली' लिहिलंय की 'कलदार', यावरून तो व्यवहार सरहद्दीच्या कुठल्या बाजूचा, हे चटकन कळतं.

आता शेताचे कागद

तलाठ्याकडून आजचा सातबारा घ्या आणि त्यावरच्या फेरफार क्रमांकांवरून मागं मागं जा. गटवारी झाली तेव्हा सर्व्हे नंबर बदलून गट नंबर आले, म्हणून जुना सर्व्हे नंबर कुठला ते आधी विचारून घ्या, नाहीतर दुसऱ्याच्याच रानाचा इतिहास हातात येतो. मग तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात साध्या कागदावर अर्ज करा: गावाचं नाव, जुना सर्व्हे नंबर, आणि 1945 ते 1950 या सालांची पीकपाहणी, फेरफार आणि जन्ममृत्यूची नोंदवही. 'आजोबांचे सगळे कागद द्या' असा अर्ज करू नका. कारकुनाला कुठला गठ्ठा काढायचा ते कळलं पाहिजे. महाभूमीचं 'आपले अभिलेख' हे संकेतस्थळही आधी उघडून बघा. तुमच्या तालुक्याचे कागद त्यावर चढले असतील तर हेलपाटा वाचेल. 2023 पासून न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामामुळं कुणबी नोंदींसाठी मोडी आणि उर्दू कागद गावोगाव तपासले गेलेत. जे दप्तर पूर्वी धूळ खात होतं ते आता कुठल्या कपाटात आहे हे निदान माहीत असतं, आणि मोडी वाचणारी माणसंही प्रत्येक जिल्ह्यात ओळखीची झालीत.

जन्ममृत्यूची जुनी वही म्हणजे गाव नमुना 14. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. त्यात बाळाचं नाव बहुतेक नसतं. 'अमक्याला मुलगा झाला' एवढंच असतं. धाकट्या मामाची नोंद मला फेब्रुवारी 1948 मध्ये सापडली. म्हणजे बारसं गांधीहत्येनंतरचं आणि त्या वेळी आबा घरी नव्हते. मावशीच्या एका वाक्याला तारीख मिळाली.

पीकपाहणीचं पत्रक मात्र बसून, शांतपणे वाचायचं. लोक त्यात फक्त मालकाचं नाव बघतात. मालक तर बदललेला नसतोच. तुम्ही कसणाऱ्याचा रकाना आणि 'रीत' बघा. रीत म्हणजे रान खुद्द मालक कसतो, की खंडानं (ठरलेल्या रकमेवर), की बटईनं (पिकाच्या वाट्यावर). पाच-सहा सालांची पत्रकं एकाखाली एक ठेवा. आबांच्या थोरल्या रानापुढं 1946-47 ला खुद्द. 1947-48 ला कसणारा म्हणून गावातल्या मुलाण्याचं नाव आणि रीत बटईची. 1948-49 ला पुन्हा खुद्द. पिकाच्या खान्यात तिन्ही साली ज्वारी, सोबत थोडी करडई. घरातला माणूस रान सोडून गेला होता, आणि कधीपासून कधीपर्यंत, हे त्या तीन ओळींत आहे. आमच्या घरात लढाईचा याहून पक्का पुरावा नाही.

मालकी बदलली नसली तरी फेरफार वही बघाच. त्या दोन वर्षांत गहाण पडलंय का? बोजा चढलाय का? कॅम्पात गेलेल्या माणसाच्या घरी रोकड लागते आणि ती सावकाराकडून नाहीतर सोसायटीकडून येते. गहाणखत नोंदवलेलं असेल तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत त्याची नक्कल मिळते. खतात कारण लिहायची रीत होती, 'घरखर्चासाठी', 'बैलासाठी'. बैल विकून पुन्हा घेतल्याचं दिसलं तर ते साल टिपून ठेवा.

सगळ्यात कमी बघितला जाणारा कागद म्हणजे कूळकायद्याचं प्रकरण. कूळ म्हणजे दुसऱ्याचं रान कसणारा. मुंबई राज्याचा कूळकायदा 1948 चा, आणि 1 एप्रिल 1957 ला कसेल तो मालक ठरला. मोगलाईच्या बाजूला हैदराबादचा 1950 चा कायदा होता. ज्यांच्या बटईच्या नोंदी होत्या त्यांच्याबाबत चौकशा झाल्या आणि जबाब घेतले गेले. त्या जबाबांत माणसं आपल्या शब्दांत बोलतात. आमच्या प्रकरणात मुलाण्याचा जबाब आहे: मालक कॅम्पात गेल्यानं एक साल रान धरलं, धान्याचा वाटा मालकाच्या घरी पोचता केला, आता हक्क सांगत नाही. खाली अंगठा. आमच्या घरात हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. तुमच्या रानावर कुळाची नोंद नसेल तर प्रकरण नसेल, पण असेल तर सगळं सोडून आधी ते काढा.

गाव मोगलाईतलं असेल तर सालं फसलीत, म्हणजे निजामाच्या महसुली सालगणनेत, असतात. हैदराबादचं फसली साल आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरपासून सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी फसली सालात 590 मिळवा, जानेवारीपासून पुढं 591. फसली 1357 म्हणजे ऑक्टोबर 1947 ते सप्टेंबर 1948. तुम्हाला हवं ते हेच साल. कागद मोडीत किंवा उर्दूत असेल. वाचणाऱ्याला फोटो पाठवून 'सारांश सांगा' म्हणू नका. ओळीला ओळ उतरवून घ्या आणि त्याचा मोबदला द्या.

लढाईचे कागद, सापडले तर

आजोबांना पेन्शन होती का, ताम्रपट होता का, हे घरात विचारा. केंद्राची पेन्शन योजना 1972 साली आली आणि 1980 पासून ती स्वातंत्र्य सैनिक सन्मान योजना झाली. पुढं सरहद्दीवरच्या कॅम्पांनाही मान्यता मिळाली. अर्ज झाला असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात फाइल असते. तिच्यात तुरुंगाचा दाखला किंवा सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं असतात. ही प्रतिज्ञापत्रं सावधपणे वाचा. ठरावीक मसुदा वापरलेला असतो, 'देशप्रेमाने प्रेरित होऊन' वगैरे. तो भाग सोडा आणि मसुद्यात न बसणारा तपशील शोधा: एखाद्या ओढ्याचं नाव, नाक्याचं नाव, जखम, सोबत गेलेला माणूस. तेवढंच तुमच्या कामाचं.

राज्याच्या दर्शनिका (गॅझेटियर) विभागानं स्वातंत्र्यसैनिकांचे चरित्रकोश विभागवार काढलेत. खालशातला माणूस आणि मोगलाईतला माणूस वेगवेगळ्या खंडात असू शकतो, दोन्ही चाळा. सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात जाऊन त्या सालांची वर्तमानपत्रं मागा. निजाम सरकारचे पोलीस आणि तुरुंगाचे कागद हैदराबादला तारनाक्याच्या तेलंगण राज्य अभिलेखागारात, मराठवाड्याचे काही छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेखागारात, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर शोधता येतात.

कुठंच नाव नाही सापडलं तर खट्टू होऊ नका. पुष्कळ शेतकऱ्यांनी अर्जच केला नाही. आबांनीही केला नव्हता. अशा वेळी कुणी दाखला मिळवून देतो म्हणालं तर त्याला दारात उभं करू नका.

17 सप्टेंबरनंतरचं विचाराच

घरातले इतिहास 17 सप्टेंबर 1948 ला झेंडा लावून संपतात. तिथं संपवू नका. त्यानंतरच्या दिवसांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर भयंकर हल्ले झाले. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं, कमीत कमी धरून, 27 ते 40 हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. त्याआधी रझाकारांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली, हेही तितकंच खरं. दोन्ही लिहायचं. एका गावातली माणसं एकमेकांच्या जिवावर उठली होती आणि तुमचे आजोबा त्यात हत्यार घेऊन होते. म्हणून विचारा: फौज गेल्यावर आजोबा घरी कधी आले? त्या पंधरवड्यात ते कुठं होते? घरात एकाएकी काही वस्तू, जनावर, रान आलं का? फेरफार वहीत 1948-49 ला कुणाची जमीन कुणाच्या नावावर गेली, हेही बघा. उत्तर अवघड असलं तरी ते तुमच्याच घरचं आहे.

मी मुलाण्यांच्या घरी गेले. त्यांचा नातू आता सोलापुरात असतो, त्याच्या आईनं बसवून घेतलं, चहा केला. त्यांच्याकडची हकीकत अशी की पोलीस ॲक्शननंतर आबा कॅम्पातून सरळ स्वतःच्या घरी न जाता त्यांच्या दारात जाऊन बसले आणि काही रात्री तिथंच झोपले. आमच्याकडं हे कुणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या घरानं सांगितलेलं म्हणून मी ते तसंच, 'मुलाण्यांच्या घरी असं सांगतात' असं म्हणून लिहिलंय.

लिहायला बसाल तेव्हा

एक मोठी वही घ्या आणि 1945 ते 1950 प्रत्येक सालाला समोरासमोरची दोन पानं द्या. डावीकडं शेत: पीक, रीत, कसणारा, कर्ज, बैल, जन्म, मृत्यू. उजवीकडं लढाई: कोण काय सांगतं आणि कुठला कागद आहे. उजवं पान बरंचसं कोरं राहील, ते कल्पनेनं भरू नका. डाव्या पानावर खाडा दिसतो तिथं उजवीकडं काय सांगितलं जातं, एवढं जुळवत चला. प्रत्येक ओळीपुढं 'कागद', 'ऐकीव' किंवा 'माझा अंदाज' यातलं एक लिहा.

मूळ कागदांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. उजेडात सपाट ठेवून फोटो घ्या आणि फोटोच्या नावात गाव, सर्व्हे नंबर, साल घाला. मूळ कागद सुती कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवा. बोलणं रेकॉर्ड करताना आधी विचारा, आणि ज्या घरावर हल्ला झाला किंवा ज्यानं केला त्या घराचं नाव त्यांच्या परवानगीशिवाय छापू नका. गावात ती घरं अजून नांदतायत.

छापण्याआधी कच्ची प्रत ज्यांनी माहिती दिली त्या सगळ्या घरांत वाचायला द्या, आठ-पंधरा दिवस ठेवू द्या. समासात पेन्सिलीनं लिहायला सांगा. आमच्या प्रतीवर मुलाण्यांच्या घरून एक दुरुस्ती आली: धान्याचा वाटा बैलगाडीतून नव्हे, डोक्यावरून पोचवला होता, कारण त्यांच्याकडं तेव्हा गाडी नव्हती.